ऑक्टोबरमधला हिशेब: पाण्याचा आराखडा म्हणजे काय, आणि त्याचा जाब कुणाला विचारायचा?

दरवर्षी १५ ऑक्टोबरला पैठणच्या नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणात, किती टक्के उपयुक्त साठा आहे, याकडे मराठवाडा आणि नाशिक-नगर असे दोघेही डोळे लावून बसलेले असतात. आकडा ६५ च्या वर गेला की त्या वर्षापुरतं सगळं शांत. खाली राहिला की निवेदनं, रास्ता रोको, सर्वपक्षीय बैठका आणि शेवटी कोर्ट. बातम्यांमध्ये हे भांडण दोन प्रदेशांमधलं म्हणून येतं. ते आहेच. पण त्याच्या मुळाशी एक कायदा आहे, त्यातलं एक कलम आहे, एका समितीने केलेला तक्ता आहे आणि कित्येक वर्षं न झालेल्या दोन बैठका आहेत. पाण्याचं नियोजन कोण करतं आणि ते केलं नाही तर कुणाचं काय बिघडतं, हे समजून घ्यायला जायकवाडीइतकं चांगलं उदाहरण महाराष्ट्रात दुसरं नाही.

सुरुवात कायद्यापासून करू. १९९५ साली नेमलेल्या दुसऱ्या जल व सिंचन आयोगाने, म्हणजे माधवराव चितळे आयोगाने, १९९९ मध्ये अहवाल दिला. त्यात राज्याची मांडणी जिल्ह्यांनी न करता खोऱ्यांनी केली: गोदावरी, कृष्णा, तापी, नर्मदा आणि पश्चिमवाहिनी नद्या अशी पाच खोरी, त्यांची २५ उपखोरी. मागचा विचार साधा आहे. दारणा नदीवर नवं धरण बांधलं की त्याचा परिणाम पैठणला जाणवतो, मग ते बांधायचं की नाही हे एकट्या नाशिक जिल्ह्याकडे बघून कसं ठरवणार? अख्ख्या खोऱ्यात पाणी किती येतं, त्यातलं किती आधीच वाटून झालंय आणि उरलंय किती, हा हिशेब आधी हवा.

तो हिशेब बंधनकारक केला २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने. प्राधिकरणाचं सरकारी लघुरूप ‘मजनिप्रा’. कायद्यातला क्रम असा: प्रत्येक नदी खोरे अभिकरणाने आपल्या खोऱ्याचा आराखडा करायचा. राज्य जल मंडळाने ते सगळे एकत्र करून ‘एकात्मिक राज्य जल आराखड्या’चा मसुदा बनवायचा. या मंडळाचे अध्यक्ष मुख्य सचिव. मग राज्य जल परिषदेने त्याला मंजुरी द्यायची. परिषदेचे अध्यक्ष मुख्यमंत्री. आणि त्यानंतर कुठलाही नवा प्रकल्प आला की तो या आराखड्यात बसतो का, हे प्राधिकरणाने तपासायचं. बसत असेल तर मान्यता, नसेल तर नाही. आधी आराखडा, मग प्रकल्प.

इथे एक गोम आहे. नदी खोरे अभिकरण म्हणून कायद्याने नवी संस्था उभी केलीच नाही. १९९६ ते १९९८ या काळात निघालेली पाच पाटबंधारे विकास महामंडळं (कृष्णा खोरे, विदर्भ, तापी, कोकण आणि गोदावरी मराठवाडा) हीच अभिकरणं समजायची, असं ठरलं. ही महामंडळं निघाली होती ती रोखे काढून पैसा उभारण्यासाठी आणि रखडलेली धरणं-कालवे पुरे करण्यासाठी. म्हणजे ज्याचा धंदा बांधकामाचा, त्यालाच विचारायचं की बाबा, या खोऱ्यात आता बांधण्याजोगं पाणी शिल्लक आहे का? माझ्या मते पुढच्या बऱ्याचशा गोंधळाचं मूळ इथेच आहे. शिवाय गोदावरी खोरं मोठं. त्याचा वरचा भाग, मराठवाड्याचा भाग आणि विदर्भातल्या उपनद्या वेगवेगळ्या महामंडळांच्या आणि कार्यालयांच्या अखत्यारीत. खोरं एक, पण वही एक नाही.

आता त्या बैठकांकडे येऊ. मंडळ आणि परिषद दोन्ही २००५ च्या कायद्याने आली. आराखड्यासाठी कायद्याने दिलेली मुदत महिन्यांमध्ये मोजायची होती, वर्षांमध्ये नव्हे. प्रत्यक्षात राज्य जल मंडळाची पहिली बैठक झाली २०१३ मध्ये आणि राज्य जल परिषदेची २०१५ मध्ये. दरम्यान प्रकल्प थांबले होते का? अजिबात नाही. आराखडा अस्तित्वात नसताना प्राधिकरणाने १९० च्या आसपास प्रकल्पांना मान्यता देऊन टाकली. कशाशी ताडून बघितलं, हा प्रश्न विचारण्यात अर्थच नव्हता, कारण ताडून बघायला काही नव्हतंच.

जल-अभ्यासक प्रदीप पुरंदरे यांनी २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जनहित याचिका केली, तेव्हा हे सगळं चव्हाट्यावर आलं. आराखडा होत नाही तोवर नव्या प्रकल्पांना मान्यता देऊ नका, असं न्यायालयाने बजावलं. आणि मग काय, जे काम इतकी वर्षं होत नव्हतं ते हलू लागलं. गोदावरी खोऱ्याच्या आराखड्यासाठी के. पी. बक्षी यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, त्यावर हरकती-सूचना आल्या आणि २०१७ च्या अखेरीस राज्य जल परिषदेने तो आराखडा मंजूर केला.

या प्रकरणात मला सर्वात बोलकी वाटते ती शिक्षेची बाजू. प्राधिकरणाचा आदेश कुणी मोडला तर शिक्षेची तरतूद याच कायद्यात आहे. पण मंडळाची बैठकच बोलावली नाही, तर? त्यावर कायदा गप्प. मुदत लिहिलेली आहे, पदं लिहिलेली आहेत, पण मुदत चुकली तर त्या पदावरच्या माणसाचं काय, हे लिहिलेलं नाही. सरकारी नियोजनातल्या बहुतेक कागदांची हीच तऱ्हा असते. आराखडा असणं आणि त्याचा जाब विचारता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ज्या कलमाला दात आहेत

याच कायद्यात एक कलम मात्र असं आहे की ते दर दुष्काळी वर्षी अंगावर येतं. कलम १२ (६) (ग). इंग्रजी मसुद्यातल्या क्रमाने त्याला ‘१२ सहा सी’ असंही म्हणतात. त्याचा आशय असा: तुटीचा भार खोऱ्यातल्या सगळ्यांनी सारखा सोसावा म्हणून, ऑक्टोबरअखेर धरणांतल्या साठ्यांचं नियंत्रण असं करायचं की खरिपाचा वापर धरून, खरीप, रब्बी आणि उन्हाळी या तिन्ही हंगामांसाठी मिळणाऱ्या पाण्याची टक्केवारी सगळ्या धरणांत साधारण सारखी राहील.

वाक्य अवघड आहे, त्यामुळे आकडे घालून बघू. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत. समजा वरचं धरण १० टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) आहे आणि खालचं ८० टीएमसीचं. वरच्याने खरिपाला दीड टीएमसी पाणी दिलं आणि १५ ऑक्टोबरला त्यात ८ टीएमसी आहे. खालच्याने खरिपाला २ दिलं आणि त्यात ३२ आहे. खरिपाचा वापर धरला तर वरच्याच्या वाट्याला आले साडेनऊ, म्हणजे ९५ टक्के. खालच्याच्या वाट्याला ३४, म्हणजे साडेबेचाळीस टक्के. दोघांचं मिळून ९० पैकी साडेत्रेचाळीस, म्हणजे अंदाजे ४८ टक्के. अक्षरशः समान करायचं तर वरच्याने ४.७ टीएमसी खाली सोडायचं. मग त्याच्या हातात ३.३ उरतं, दीड आधीच वापरलेलं, एकूण ४.८. म्हणजे ४८ टक्के. खालचंही तेवढ्यावरच येतं.

‘खरिपाचा वापर धरून’ हे तीन शब्द काढून टाकले तर काय होईल ते बघा. वरच्या धरणाने ऑगस्ट-सप्टेंबरात आवर्तनं (कालव्याला पाळीने सोडायचं पाणी) भरपूर काढावीत, ऑक्टोबरात साठा कमी दाखवावा आणि हात वर करावेत. कलम लिहिणाऱ्याला ही पळवाट दिसली होती आणि त्याने ती बुजवली.

प्रत्यक्षात इतकं काटेकोर समान वाटप होत नाही. मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये यासाठी एक तक्ता तयार केला. जायकवाडीच्या वर मुळा, प्रवरा, गंगापूर, दारणा, पालखेड असे धरणसमूह आहेत. जायकवाडीत किती टक्के पाणी असेल तर कोणत्या समूहाने स्वतःकडे जास्तीत जास्त किती ठेवायचं, याच्या पायऱ्या त्या तक्त्यात आहेत. साठा ६५ टक्क्यांच्या खाली गेला की तक्ता लागू होतो. १९ सप्टेंबर २०१४ ला प्राधिकरणाने त्याआधारे आदेश काढला. त्याला आव्हान दिलं गेलं, पण २३ सप्टेंबर २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयाने कलमही कायम ठेवलं आणि समन्यायी वाटपाचं तत्त्वही.

बैठका न झालेल्या जल मंडळाशी याची तुलना करा. दोन्ही तरतुदी एकाच कायद्यातल्या. पण या कलमात तारीख आहे, मोजता येईल असा आकडा आहे आणि तो मोजणारं कार्यालय ठरलेलं आहे. त्यामुळे पैठणच्या शेतकऱ्यालाही १६ ऑक्टोबरच्या सकाळी कळतं की आता पाणी सोडणं क्रमप्राप्त आहे की नाही. मंत्र्याच्या मर्जीवर राहत नाही. निदान कागदावर तरी.

कागदावर म्हणायचं कारण २०२३. त्या वर्षी ऑक्टोबरअखेर ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला. मग विरोध, याचिका, प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत. स्थगिती मिळाली नाही, तरी प्रत्यक्ष पाणी सुटायला नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला. या उशिराची किंमत पाण्यातच मोजावी लागते. पावसाळा संपता संपता नदीचं पात्र ओलं असतं तेव्हा सोडलेलं पाणी भराभर खाली पोचतं. महिनाभराने वाळू कोरडी पडलेली असते, आधी ती पाणी पिते, मग नदी वाहते.

पाणी सोडणं म्हणजे दरवाजा उचलला की झालं, असंही नाही. वाटेतल्या कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात, नाहीतर प्रत्येक बंधारा आपला वाटा आधी भरून घेतो. नदीकाठच्या पंपांची वीज तोडावी लागते. पाटबंधारे, महावितरण, महसूल आणि पोलीस अशी चार खात्यांची माणसं काठाकाठाने फिरतात. आणि तरीही वरून सोडलेलं आणि खाली पोचलेलं यांत फरक पडतोच. तो नेमका किती पडला, कुठे पडला, हे मोजून जाहीर करणं हीसुद्धा जबाबदारीच आहे. तिथे मात्र दोन्ही बाजू आपापले आकडे घेऊन भांडताना दिसतात.

वरच्यांची बाजूही ऐकायला हवी. नाशिक-नगरच्या शेतकऱ्याचं म्हणणं असं की आमची पिकं, आमच्या बागा, आमची शहरं धरणातल्या साठ्यावर बेतलेली आहेत आणि ऐन रब्बीच्या तोंडावर पाणी जातं. जायकवाडी उथळ आणि पसरट आहे, बाष्पीभवन प्रचंड होतं. फुगवट्यातून (धरणामागे पसरलेल्या पाण्यातून) होणाऱ्या उपशाचा हिशेब नीट ठेवला जात नाही. आणि खाली ऊस लावायचा असेल तर आम्ही का सोसायचं? यातला शेवटचा प्रश्न बोचरा आहे, पण उसाचं वेड दोन्हीकडे आहे, तेव्हा तो कुणी कुणाला विचारायचा हाही प्रश्नच. बाकीचे मुद्दे रास्त आहेत. वरच्या धरणांकडून थेंबाथेंबाचा हिशेब मागायचा तर जायकवाडीच्या पाण्याचा हिशेबही तितकाच उघडा हवा. मेंढेगिरी तक्त्याचा फेरविचार करायला पुढे नाशिकच्या ‘मेरी’च्या (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या) महासंचालकांच्या, प्रमोद मांदाडे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला गेला आणि ६५ टक्क्यांचा उंबरठा खाली आणावा अशी शिफारस पुढे आली. म्हणजे भांडण आता आकड्यावर आलंय. मला तर ही प्रगती वाटते. आकड्यावर भांडता येतं, हरकत घेता येते, गणित चुकलंय हे दाखवता येतं.

नियमच बदलला तर?

जाब टाळायचा आणखी एक रस्ता आहे आणि तो महाराष्ट्राने वापरून बघितला आहे. मूळ २००५ च्या कायद्यात शेती, पिणं आणि उद्योग यांच्यात पाणी कसं वाटायचं, हे ठरवण्याचं काम प्राधिकरणाकडे होतं. पण तेव्हा मंत्र्यांची एक उच्चाधिकार समिती धरणांतलं सिंचनाचं पाणी शहरांना आणि उद्योगांना परस्पर देत होती. अमरावती जिल्ह्यातल्या ऊर्ध्व वर्धा धरणाचं पाणी औष्णिक वीज प्रकल्पाला देण्यावरून प्रकरण कोर्टात गेलं. प्रश्न सरळ होता: हा अधिकार तुम्हाला दिला कुणी? सरकारने २०१० मध्ये अध्यादेश आणि २०११ मध्ये दुरुस्ती कायदा आणून उत्तर दिलं. क्षेत्रीय वाटपाचा अधिकार मंत्रिमंडळाकडे गेला आणि आधीच्या निर्णयांनाही मागच्या तारखेने संरक्षण मिळालं.

निवडून आलेल्या मंत्रिमंडळाने असा निर्णय घेण्यात तत्त्वतः काही वावगं नाही, किंबहुना मतदारापुढे जाणाऱ्यानेच तो घ्यावा असाही युक्तिवाद होतो. खटकतं ते दुसरंच. प्राधिकरणाला निर्णय घेताना कारणं द्यावी लागतात, सुनावणी घ्यावी लागते. मंत्रिमंडळाला तसं बंधन नाही. ज्याचं पाणी गेलं तो कालव्याच्या शेपटाकडचा शेतकरी, आणि त्याला बहुतेक वेळा कालवा कोरडा पडल्यावरच बातमी कळते.

किती यासोबत कसं, हाही प्रश्न

आतापर्यंत सगळी चर्चा पाण्याच्या प्रमाणाची झाली. गुणवत्तेचा कारभार वेगळ्याच घरात चालतो. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याखाली प्रदूषण नियंत्रण मंडळ, शहराच्या सांडपाण्यासाठी महापालिका, उद्योगांच्या सांडपाण्यासाठी औद्योगिक विकास महामंडळ. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यांत महाराष्ट्राचे ५३, देशात सर्वाधिक. २०२२ च्या यादीत देशाचा आकडा ३११ वर उतरला, महाराष्ट्राचा मात्र ५५ झाला. सप्टेंबर २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने प्रत्येक राज्याकडून पट्ट्यागणिक कृती आराखडे मागवले, म्हणून ते झाले. इथेही आराखड्याला गती आली ती बाहेरून.

नियोजन मागे कसं जातं, हे बघायचं तर महाराष्ट्राचं नदी नियमन क्षेत्र धोरण बघा. नदीपासून किती अंतरावर कोणता उद्योग चालेल, याचे निर्बंध त्यात होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये राज्य सरकारने ते रद्द केलं. उद्योगांना परवानग्या सुलभ व्हाव्यात हा हेतू. त्या धोरणात त्रुटी असतीलही, पण त्याच्या जागी नदीकाठासाठी दुसरं काही आलं नाही.

पर्यावरण मंजुरीच्या जनसुनावणीचं तेवढं वेगळं आहे. २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते, ती प्रकल्पाच्या ठिकाणी किंवा जवळपास घ्यावी लागते, जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाचा प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असावा लागतो, चित्रीकरण करावं लागतं आणि इतिवृत्त उपस्थितांना वाचून दाखवावं लागतं. लोकांनी विरोध केला म्हणून प्रकल्प रद्द होतो असं मुळीच नाही, पण लोक काय म्हणाले हे कागदावर येतं आणि पुढे कोर्टात तोच कागद उपयोगी पडतो. २०२० च्या मसुद्यात हे ३० दिवस २० वर आणायचा प्रस्ताव होता. पावसाळ्यात, पेरणीच्या दिवसांत, शेकडो पानांचा अहवाल वाचून हरकत लिहायला २० दिवस! देशभरातून त्यावर हरकतींचा पाऊस पडला.

तुमच्या धरणाचं काय?

हे सगळं राज्य पातळीवरचं वाटत असलं तरी त्याची लहान आवृत्ती प्रत्येक प्रकल्पावर असते. पावसाळा संपला की १५ ऑक्टोबरचा साठा धरून प्राथमिक सिंचन कार्यक्रम तयार होतो: पिण्यासाठी किती, उद्योगाला किती, बाष्पीभवनाला किती, उरलेल्यातून रब्बीची आवर्तनं किती आणि उन्हाळी किती. तो कालवा सल्लागार समितीपुढे जातो. बातमीत येते ती आवर्तनाची तारीख, मूळ तक्ता येत नाही. माहिती अधिकारात तो मागता येतो. त्याच्या शेजारी मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष वापर ठेवला की बरंच काही दिसतं. महाराष्ट्राने २००३-०४ पासून प्रकल्पवार जललेखा अहवाल छापायला सुरुवात केली होती. किती पाणी आलं, किती गेलं, किती क्षेत्र भिजलं, सगळं त्यात असायचं. देशात असं करणारी राज्यं फार नव्हती. असे अहवाल दरवर्षी वेळेवर आणि मराठीत येत राहावेत, ही मागणी धरणाच्या मागणीइतक्याच जोराने व्हायला हवी.

आणि मोजून घेणारा शेतकरीच असेल तर? दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणावर पाणीवापर संस्थांनी हे करून दाखवलं. संस्थांच्या महासंघाकडे अख्ख्या प्रकल्पाचं पाणी व्यवस्थापन आहे. संस्थेला पाणी घनमापनाने मिळतं, पट्टीही त्याच हिशेबाने भरायची आणि आतलं वाटप सभासदांनी ठरवायचं. चारीच्या, म्हणजे कालव्यातून निघणाऱ्या पाटाच्या, तोंडाशी पाणी मोजलं जातं, त्यामुळे ‘आमच्याकडे आलंच नाही’ हे भांडण बोलण्याचं न राहता नोंदवहीचं होतं. हीच पद्धत राज्यभर लागू व्हावी म्हणून २००५ मध्येच सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा झाला. संस्था कागदोपत्री भरपूर निघाल्या. पण कित्येक ठिकाणी मोजमापाची साधनं बसली नाहीत, बसली ती बिघडली, आणि कोट्याइतकं पाणी मिळालं का हे सांगायला संस्थेच्या हातात काही उरलं नाही. तुमच्या गावात अशी संस्था असेल तर येत्या आवर्तनाच्या आधी एवढं बघून या: चारीच्या तोंडाशी मोजपट्टी आहे का, आणि तिची शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे.